कोळसा संपतोय की वाढतोय? ब्लॉक ४९ आणि ब्लॉक ७७

प्रश्न थोडक्यात असा: "मी वरोऱ्याचा, वय २३, इलेक्ट्रिकल डिप्लोमा. दोन नोकऱ्या हातात आहेत. एक औष्णिक केंद्राच्या देखभालीचं कंत्राट घेणाऱ्या कंपनीत, दुसरी सोलर कंपनीत, पगार जरा कमी. बातम्या वाचून डोकं चक्रावलंय. एक बातमी म्हणते सौर वीज सगळ्यात स्वस्त, कोळशाचे दिवस भरले. दुसरी म्हणते जगानं कोळसा कधी नव्हे इतका जाळला. सौर अडीच रुपयांना मिळत असेल तर पाच-सहा रुपयांची कोळशाची वीज घेतंय कोण? आणि मी जाऊ कुठं?"

आधी बातम्यांचं. दोन्ही खऱ्या आहेत. २०२४ साली जगात सुमारे ८८० कोटी टन कोळसा वापरला गेला, तो तोवरचा उच्चांकच. त्याच वर्षी एकट्या चीननं २७७ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे १,००० मेगावॅट) सौर क्षमता नव्यानं उभी केली. आपल्या अख्ख्या देशाची कोळसा, पाणी, वारा, ऊन, अणू सगळं मिळून जी स्थापित क्षमता तेव्हा होती, तिच्या निम्म्याहून जास्त, आणि तीही एका वर्षात. दोन्ही आकडे एकाच वर्षात कसे बसतात, हा तुमचा खरा प्रश्न आहे. नोकरीचं उत्तरही त्याच्याच पोटात आहे.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो. वीस वर्षं कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात, म्हणजे राज्यात वीज किती लागते आणि किती बनते याचा तोल सांभाळतात तिथं, शिफ्ट केल्या, नंतर एका कंपनीच्या वीज खरेदीच्या डेस्कवर बसलो. त्यामुळे मला दिवस चोवीस तासांचा दिसतच नाही, ९६ ब्लॉकचा दिसतो. ब्लॉक म्हणजे पंधरा मिनिटं. बाजारातला भाव ब्लॉकवार ठरतो, केंद्रांचं वेळापत्रकही ब्लॉकवार. दुपारी बाराला सुरू होतो तो ब्लॉक ४९, संध्याकाळी सातला सुरू होतो तो ब्लॉक ७७. या दोन ब्लॉकमधल्या विजेला आपण युनिटच म्हणतो, मीटरही तसंच मोजतो, पण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुम्ही वाचलेले अडीच रुपये ब्लॉक ४९ चे. कोळशाचे पाच-सहा रुपये आहेत ते ब्लॉक ७७ मध्येही हजर राहण्याचे.

नाशिककडच्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. लाल कांदा टिकत नाही, निघाला की विकावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवता येतो. सौर युनिट हा लाल कांदा आहे. सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात येतो आणि भाव पडतो. मे २०२५ मधल्या एका रविवारी आपल्याकडच्या रिअल टाइम बाजारात, म्हणजे ऐनवेळची वीज घेतात-विकतात तिथं, दुपारचा भाव जवळपास शून्याला टेकला होता. पाऊस लवकर आलेला, एसी बंद, रविवार म्हणून कारखाने थंड, आणि ऊन जिथं होतं तिथं पॅनल जोरात. त्याच बाजारात उन्हाळ्यातल्या संध्याकाळी भाव १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन चिकटलेला मी कित्येकदा पाहिलाय.

हे डेस्कवर कसं दिसतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वीची ऑक्टोबर हीटमधली गोष्ट. दुपारी वीज सव्वादोन रुपयांना मिळत होती, म्हणून आम्ही करारातल्या एका ५०० मेगावॅटच्या कोळसा संचाला (संच म्हणजे केंद्रातली बॉयलर-टर्बाइनची एक जोडी) खाली यायला, म्हणजे वीज कमी बनवायला सांगितलं. नियमाप्रमाणे तो ५५ टक्क्यांपर्यंत उतरतो, म्हणजे २७५ मेगावॅट. चार तास तो तिथं रांगत होता. पाचच्या सुमारास म्हटलं, आता चढवा. पावणेसहाला केंद्रातून फोन आला: "साहेब, बॉयलरची ट्यूब लीक आहे, संच बंद करतोय." ऊन उतरत होतं, घराघरांत दिवे लागत होते आणि आमच्या वेळापत्रकात भगदाड. रिअल टाइम बाजारात दर अर्ध्या तासाला लिलाव होतो. आम्ही ओळीनं सगळ्या लिलावांत मागणी टाकली आणि रात्री साडेदहापर्यंत मिळेल ती वीज १० रुपयांनी उचलली. दुपारी जे वाचवलं ते संध्याकाळी पहिल्या तासातच गेलं.

त्या संचाची चूक म्हणाल तर फार नव्हती. हे बॉयलर बांधले तेव्हा कल्पना अशी होती की एकदा पेटवले की महिनोन्महिने एकाच भारावर चालतील. आता आपण त्यांना रोज दुपारी बसवतो आणि संध्याकाळी पळवतो. जाड धातू रोज तापतो, निवतो, पुन्हा तापतो, आणि जोडापाशी दमतो. पुढं तर भार ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचाय, तसे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं २०२३ मध्ये केलेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या नोकरीशी तिचा थेट संबंध आहे.

आता तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न हाच येणार: दुपारची वीज एवढी स्वस्त, मग घरचं बिल का उतरत नाही? कोळसा केंद्राशी केलेल्या कराराला दोन भाग असतात. एक स्थिर आकार, म्हणजे केंद्र उभं केल्याचं भाडं. दुसरा बदलता आकार, म्हणजे जाळलेल्या कोळशाचे पैसे. दुपारी संच खाली आणला की कोळशाचे पैसे वाचतात, भाडं चालूच राहतं. केंद्र संध्याकाळी लागणार असल्यामुळे ते भाडं टाळताही येत नाही. म्हणजे स्वस्त सौर वीज येते ती जुन्या भाड्याच्या डोक्यावर बसून. महावितरणनं २०२४ मध्ये एकाच निविदेत ५,००० मेगावॅट सौर आणि १,४९६ मेगावॅट औष्णिक वीज मागवली. सौरचा भाव २ रुपये ७० पैसे आला आणि दोन्हींचा मिळून सरासरी ४ रुपये ८ पैसे. हा सरासरी आकडा बारकाईनं पाहिला की तुमच्या "कोण घेतंय?" या प्रश्नाचं उत्तर मिळतं. जो सौर घेतो, तोच सोबत कोळसाही घेतोय.

देशाचं चित्रही असंच. जून २०२५ मध्ये आपल्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्मा झाला. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांत मात्र तेव्हाही जवळपास पाऊण हिस्सा कोळशाचा होता. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटला भिडली, ती दुपारी, आणि निभावली, कारण ऊन मदतीला होतं. आम्हा लोकांची झोप उडते ती ऊन गेल्यानंतरच्या मागणीनं.

जगात वेगळं काय चाललंय? माझ्या मते ब्लॉकचे आकडे तेवढे बदलतात. जर्मनीत २०२४ मध्ये ४५७ तास असे गेले की घाऊक बाजारात विजेचा भाव शून्याच्या खाली होता, म्हणजे विकणाराच वर पैसे देत होता. त्याच वर्षी १२ डिसेंबरच्या संध्याकाळी, ढगाळ आणि वारा पडलेल्या दिवशी, भाव मेगावॅट-तासाला ९३६ युरोवर गेला. आपल्या हिशेबात युनिटला ८० रुपयांच्या वर. ब्रिटननं ३० सप्टेंबर २०२४ ला आपलं शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं, हे खरंच मोठं काम आहे. २०१२ मध्ये त्यांची चाळीस टक्के वीज कोळशाची होती. पण वारा पडला की तिथं गॅस पेटतो. गॅस आपल्याकडे तेवढा नाही, म्हणून ब्रिटनचा रस्ता आपल्याला जसाच्या तसा चालत नाही.

चीन सगळ्यात शिकण्यासारखा. तिथं नवी कोळसा केंद्रंही बांधतात आणि पॅनलही. लोक याला ढोंग म्हणतात. मला तो हिशेब वाटतो. जानेवारी २०२४ पासून त्यांनी कोळसा केंद्रांना नुसतं तयार राहण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. मतलब साफ आहे: तू कमी चाल, पण हाक मारली की ये. लग्नघरी जनरेटर भाड्यानं आणून ठेवतात तसं. तो चाललाच नाही तरी भाडं देताना कुणी कुरकुरत नाही.

आणि पाकिस्तान. हे उदाहरण आपल्याकडे कुणी घेत नाही, म्हणून जरा थांबतो. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं, रशियाचा गॅस आटला आणि युरोपनं मिळेल त्या भावानं एलएनजीची (द्रवरूप गॅसची) जहाजं स्वतःकडे वळवली. आशियातल्या गरीब गिऱ्हाइकांची जहाजं मधल्या मधे गायब झाली. त्या जुलैत पाकिस्ताननं दहा जहाजांची निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. लोडशेडिंग वाढलं, विजेचे दर कडाडले. तेवढ्यात चीनमध्ये पॅनलचा महापूर आला आणि भाव कोसळले. मग पाकिस्तानातल्या शेतकऱ्यांनी, गिरणीवाल्यांनी, बंगलेवाल्यांनी आपापल्या पैशानं पॅनल आणले. एकट्या २०२४ मध्ये सुमारे १७ गिगावॅटचे पॅनल त्या देशात उतरले. कुठल्या हवामान परिषदेनं त्यांना हे शिकवलं नव्हतं, खिशानं शिकवलं. पुढं गंमत अशी की गॅसची मागणी इतकी घटली की ठरलेली जहाजं पुढं ढकला म्हणायची पाळी सरकारवर आली. आणि ज्यांच्याकडे पॅनल नाहीत त्यांच्या माथी केंद्रांचं भाडं आलं. वर सांगितलेला स्थिर आकार तो हाच.

इंधनाचा भाव डॉलरमध्ये आणि जहाजावर ठरतो, याचा चटका महाराष्ट्रानं फार आधी खाल्लाय. दाभोळच्या वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ ला नाफ्त्यावर (खनिज तेलापासूनचं इंधन) सुरू झाला तेव्हा मी नवखा होतो. नाफ्ता महाग, रुपया घसरता, त्यात वीजही कमी उचललेली. युनिटचा दर सात रुपयांच्या पुढं गेलेले महिने आमच्या वरिष्ठांनी तोंडात मारल्यासारखे पाहिले. मे २००१ मध्ये खरेदी थांबली. पुढं गुजरातेत मुंद्र्याच्या, आयात कोळशावरच्या ४,००० मेगावॅटच्या प्रकल्पाचा २ रुपये २६ पैशांचा दर ठरला तेव्हा सगळे खूश होते, त्यात महाराष्ट्राचाही हिस्सा होता. मग इंडोनेशियानं आपल्या कोळशाचे निर्यात दर जागतिक बाजाराशी बांधले आणि तो दर परवडेनासा झाला. खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणून माझं मत असं बनलंय, पटलं तर घ्या: आयात कोळसा आणि गॅस यांचं भवितव्य मला देशी कोळशापेक्षा जास्त अंधारं दिसतं. सौर विजेला इंधन नाही. तिचा भाव म्हणजे जवळजवळ सगळा बँकेच्या व्याजाचा भाव, आणि तो करार करताना एकदाच ठरतो. व्याज वाढलं तर नवा प्रकल्प महागेल, जुना नाही. जहाजाचा भाव मात्र रात्रीत बदलतो.

मग ब्लॉक ७७ भरायचा कशानं? आपल्याकडे जुनं उत्तर कोयना. माझ्या शिफ्टमध्ये संध्याकाळी फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली सरकायला लागली, म्हणजे वीज कमी पडायला लागली, की हात आपोआप पोफळीच्या, म्हणजे कोयनेच्या वीजगृहाच्या, फोनकडे जायचा. काही मिनिटांत मशीन ग्रिडवर. पण कोयनेचं १,९६० मेगावॅट म्हणजे वाट्टेल तेव्हा वापरायचं पैशाचं पाकीट नव्हे. कृष्णा पाणी लवादानं पश्चिमेकडे सोडायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलंय, ते जूनपासून मेपर्यंत पुरवायचं असतं. घाटघरला दुपारी पाणी वर चढवून संध्याकाळी खाली सोडता येतं, पण ते २५० मेगावॅट.

आता खरी उलथापालथ बॅटरीत आहे, आणि ती तुमच्या नोकरीच्या काळातच होणार. २०२२ च्या सुमारास दोन तासांच्या बॅटरीचं भाडं मेगावॅटला महिन्याला ११ लाखांच्या जवळ होतं. २०२५ पर्यंत काही निविदांत ते अडीच लाखांच्या खाली आलं, कुठं सरकारी मदत धरून, कुठं न धरता. हिशेब करून बघा. एक मेगावॅट, दोन तास, म्हणजे रोज २,००० युनिट, महिन्याला ६०,०००. जुन्या भावानं साठवणीचा खर्च युनिटला १८ रुपये, म्हणजे विषय संपला. सव्वादोन लाख धरले तर पावणेचार रुपये. दुपारची वीज तीन रुपयांची धरा, भरता-काढताना पंधराएक टक्के गळते, म्हणून ती साडेतीनला पडते. बेरीज सव्वासात. बॅटरी दिवसातून दोनदा वापरली तर साडेपाचच्या खालीच. नवीन कोळसा केंद्राच्या विजेशी याची तुलना करा. पाच वर्षांपूर्वी अशी तुलना करणाऱ्याला आम्ही चहा पाजून घरी पाठवला असता. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२४ मध्ये एका संध्याकाळी काही काळ बॅटऱ्या हाच ग्रिडचा सगळ्यात मोठा स्रोत होता.

पण बॅटरी दोन तासांची, फार तर चार तासांची. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली, आभाळ फाकलंच नाही, तर ती भरायची कशानं? त्या आठवड्यासाठी कोळसा राहणार. किती वर्षं, हे पुष्कळशा गोष्टींवर अवलंबून आहे. राजस्थानात ट्रान्समिशन लाइन वेळेत न झाल्यानं तयार सौर वीज दुपारी बंद ठेवावी लागली, असे प्रकार किती होतात त्यावर. मागणी किती वेगानं वाढते त्यावर. आणि मागणीच दुपारी सरकवता येते का त्यावर. हे शेवटचं फार स्वस्तात होतं. आपल्याकडे शेतीच्या फीडरला सौर प्रकल्प जोडून दिवसा वीज द्यायला सुरुवात झाली, त्याचं कौतुक लोक विंचूकाट्याच्या आणि बिबट्याच्या भीतीपुरतं करतात. रात्री दारं धरायला जावं लागत नाही हे मोठंच आहे. पण ग्रिडच्या बाजूनं पाहिलं तर शेकडो मेगावॅटचे पंप रात्रीतून उचलून ब्लॉक ४९ मध्ये ठेवले गेले, तेही एकही बॅटरी न घेता. जालन्याच्या पोलाद भट्ट्या वर्षानुवर्षं रात्रीच्या सवलतीसाठी रात्रपाळीत चालायच्या. आता सवलत दिवसाच्या सौर तासांकडे सरकलीय. पाळ्यांची वेळापत्रकं पाहिली तरी ऊर्जाबाजार कुठं चाललाय ते कळतं.

(हे सगळं विजेचं झालं. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेत वीज साधारण पाचवा हिस्सा. पोलाद, सिमेंट, खत, विमानं यांचं गणित निराळं आणि संथ आहे. तेलाचंही. चीनमध्ये आता विकल्या जाणाऱ्या जवळपास निम्म्या नव्या मोटारी विजेवर किंवा प्लग-इन हायब्रिड असतात, त्यामुळे पेट्रोलचं चित्र लोकांच्या अंदाजाआधी बदलेल असं मला वाटतं, पण तो माझा प्रांत नाही.)

तर एवढ्यावरून बातम्यांची संगती अशी लागते: कोळशाची केंद्रं इतक्यात जात नाहीत, पण त्यांचं काम बदलतंय. पूर्वी ती घरची कर्ती होती, आता बोलावल्यावर येणारी होतायत. जळणाऱ्या कोळशाचे टन बराच काळ फारसे घटणार नाहीत, पण संचाचे चालण्याचे तास आधी घटतील.

आता तुमचं. घरची जबाबदारी किती, कंत्राटी नोकरीत पीएफ-विमा नीट आहे का, सोलर कंपनी तुम्हाला साइटवर नेऊन काम शिकवणार की नुसते पॅनल धुऊन घेणार, हे मला ठाऊक नाही आणि निर्णय त्यावरच फिरेल. पण कौशल्यापुरतं सांगतो. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे, ते तुमच्या उमेदवारीच्या काळात कुठं जात नाही. उलट रोज वर-खाली होणाऱ्या संचाला देखभाल जास्तच लागते. तिथं गेलात तर बॉयलरच्या पॅचवर्कमध्ये अडकू नका. स्विचयार्ड, रिले प्रोटेक्शन (बिघाड होताच वीज तोडणारी यंत्रणा), मोटर-ड्राइव्ह, कंट्रोल सिस्टिम, इकडे सरका. २२० केव्हीचा बे (स्विचयार्डातला एका लाइनचा कप्पा) कोळशाच्या केंद्रात असो की सौर पार्कमध्ये, ब्रेकर तोच, करंट-व्होल्टेज मोजणारे सीटी-पीटी तेच, रिलेचं सेटिंग करणारा माणूसही तोच लागतो. हे काम घेऊन तुम्ही पाच वर्षांनी बॅटरी प्रकल्पात सरळ जाऊ शकता. सोलरला गेलात तर इन्व्हर्टर, स्काडा (दुरून देखरेख-नियंत्रणाची यंत्रणा) आणि अंदाज-वेळापत्रकाचं काम मागा. पॅनल बसवणं महिन्याभरात येतं आणि तेवढंच येत असेल तर पगार तिथंच राहतो.

दोघांनाही मुलाखतीत एकेक प्रश्न विचारा. औष्णिकवाल्यांना विचारा, काल दुपारी एकला संच किती भारावर होता आणि संध्याकाळी सातला किती. सोलरवाल्यांना विचारा, गेल्या महिन्यात वीज तयार असून किती वेळा बंद ठेवायला लागली आणि बॅटरी कधी लावताय. ज्याच्याकडून आकड्यात उत्तर येईल त्याच्याकडे जा. दोघांकडूनही आलं तर पगार जास्त तिकडे. दोघांकडूनही नाही आलं तर इथं परत लिहा, कुठल्या कंपन्या ते नको, काम काय सांगितलंय तेवढं लिहा, बघू.